विषाणू सजीव की निर्जीव? एका गुणाच्या प्रश्नाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण तळकोकणातल्या एका माध्यमिक शाळेत घडलं. शाळा, गाव आणि माणसं ओळखता येतील असे तपशील मी गाळले आहेत. घडलेल्या गोष्टी मात्र घडल्या तशाच सांगते आहे.

आठवी 'अ'चं विज्ञान माझ्याकडे होतं आणि 'ब' तुकडी एका ज्येष्ठ सरांकडे. पहिल्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मी काढली होती. सजीवसृष्टीचं वर्गीकरण आणि सूक्ष्मजीव हा पाठ नुकताच संपला होता. जीवाणू, कवक, आदिजीव, शैवाल आणि शेवटी विषाणू, असा त्याचा क्रम. 'चूक की बरोबर ते लिहा' या प्रश्नात मी एक विधान घातलं: 'विषाणू हे सजीव आहेत.' गुण एक. उत्तर माझ्या मनात पक्कं होतं: चूक. विषाणूला पेशी नसते, तो खात नाही, श्वसन करत नाही, म्हणून सजीव नाही. विधान लिहायला मला अर्धा मिनिटही लागला नसेल.

आमच्या भागातल्या मुलांना विषाणू पुस्तकात भेटायच्या आधीच भेटलेला असतो. माकडताप त्यांनी ऐकलेला आहे. रानात माकड मरून पडलं तर जवळ जायचं नाही, गोचिडीपासून जपायचं, काजूच्या बागेत जाताना अंगाला तेल लावायचं, हे घरोघरी सांगितलं जातं. या रोगाचा विषाणू 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. तो शोधणारं केंद्र पुण्यातलं, आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. शिवाय ही मुलं करोनाच्या टाळेबंदीत चौथी-पाचवीत होती. 'वीस सेकंद साबण लावला की विषाणू मरतो' हे वाक्य त्यांनी पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. मी ज्याला निर्जीव ठरवून मोकळी झाले होते, तो त्यांच्या घरी रोज 'मरत' होता. प्रश्न काढताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अडचण कुठे आली

पेपर तपासून वाटले आणि मधल्या सुट्टीतच दोन्ही तुकड्यांची मुलं स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. 'अ'मध्ये 'चूक' लिहिणाऱ्याला गुण मिळाला होता, 'ब'मध्ये 'बरोबर' लिहिणाऱ्याला. सरांचं म्हणणं साधं होतं: पाठ सूक्ष्मजीवांचा आहे, विषाणू त्यात शिकवला आहे, आणि सूक्ष्म'जीव' म्हटल्यावर तो सजीव आलाच. माझं म्हणणं त्याच पाठातून आलं होतं. 1969 साली व्हिटाकर यांनी मांडलेल्या पाच सृष्टींमध्ये विषाणूला जागा नाही. ज्याला कुठल्याच सृष्टीत जागा नाही, तो सजीव कसा? आम्ही दोघांनी पुस्तक उघडलं. तिथे विषाणू सामान्यतः सजीव मानले जात नाहीत किंवा ते सजीव-निर्जीवांच्या सीमारेषेवर आहेत, अशा आशयाचं वाक्य होतं. म्हणजे पुस्तकाने स्वतः दार अर्धं उघडं ठेवलं होतं आणि आम्ही दोघांनी ते आपापल्या बाजूने लावून घेतलं होतं.

गुणतालिका द्यायला पाच दिवस होते. एवढंच असतं तर मामला तासाभरात मिटला असता.

दुसऱ्या दिवशी 'अ'मधल्या एका मुलीची आई आली. ती उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. मुलीने 'बरोबर' लिहिलं होतं आणि मी गुण कापला होता. मला वाटलं, गुण मागायला आल्या असतील. त्या म्हणाल्या, "बाई, गुणाचं काही नाही. पण तिला मी काय सांगू ते मला सांगा. मी पोलिओचे थेंब घेऊन वाडीवाडीवर जाते. ती लस जिवंत विषाणूंची असते, आम्हाला प्रशिक्षणात तसंच शिकवलंय. कॅरिअरमधले आइसपॅक वितळले, ऊन लागलं, तर लस मरते. बाटलीवरचा चौकोन काळा पडला की आम्ही ती टाकून देतो. माझी मुलगी हे लहानपणापासून बघत आली आहे. मग तो सजीव नाही, हे तिने कसं मानायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'जिवंत म्हणजे तसं जिवंत नव्हे' असं काहीसं मी बोलले. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. जी वस्तू कधी जिवंतच नव्हती ती मरेल कशी, हा त्या बाईंचा प्रश्न माझ्या प्रश्नपत्रिकेतल्या विधानापेक्षा कितीतरी चांगला होता.

समोर असलेले पर्याय

विज्ञान विभागाची बैठक झाली. आम्ही तिघं शिक्षक आणि मुख्याध्यापक.

पहिला पर्याय मुख्याध्यापकांनी सुचवला: सगळ्यांना एक गुण द्या आणि विषय संपवा. त्यांच्यावर गुणतालिकेचं, ऑनलाइन नोंदीचं ओझं होतं, म्हणून या सूचनेला मी नावं ठेवत नाही. पण त्यातून मुलांना एवढंच कळलं असतं की शिक्षक भांडले की गुण मिळतो.

दुसरा पर्याय प्रश्न रद्द करून चाचणी एका गुणाने कमी धरण्याचा. हिशेबाला हा सगळ्यांत स्वच्छ होता. पण ज्यांनी विचार करून लिहिलं आणि ज्यांनी नाणं उडवून लिहिलं, ते दोघेही त्यात सारखेच पुसले गेले असते.

तिसरा पर्याय पुस्तकातलं वाक्य प्रमाण मानून 'सीमारेषेवर' हे एकच उत्तर ठरवण्याचा. सर या बाजूला होते. त्यांचं कारणही वजनदार होतं: आठवीला तेव्हा राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा होती, शिवाय एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. तिथे चार पर्यायांतला एकच काळा करायचा असतो, तिथे कुणी तुमची कसोटी विचारत नाही. मुलांना ठाम उत्तर देणं हे शिक्षकाचं काम आहे, असं त्यांचं मत होतं. मी ते तेव्हा पुरेसं ऐकून घेतलं नाही. ती चिंता खरी होती, आजही आहे.

चौथा पर्याय मी मांडला: या प्रश्नाचा निकाल आठवडाभर राखून ठेवायचा, दोन्ही तुकड्यांना एकत्र बसवून तीन तासिका घ्यायच्या, आणि तोच प्रश्न कारणासह लिहायला लावून पुन्हा तपासायचा. किंमत उघड होती. पुढचा पाठ तीन तासिका मागे जाणार होता. गणेशोत्सवाची सुट्टी तोंडावर होती आणि आमच्याकडे चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात अर्धा वर्ग घरच्या कामाला लागलेला असतो.

निर्णय घेताना आम्हाला एका गोष्टीने हलवलं. बैठकीत तिसऱ्या सहकारी शिक्षिकेने विचारलं, "आपण तिघांनी कारण लिहून दाखवूया का?" आम्ही खरंच कागद घेतले. तिघांची तीन उत्तरं आली. मी लिहिलं, पेशी नाही म्हणून निर्जीव. सरांनी लिहिलं, प्रजनन करतो म्हणून सजीव. तिने लिहिलं, पेशीत शिरल्यावर सजीव, बाहेर निर्जीव. तिघांची कसोटीच वेगळी होती. कागद समोर ठेवल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "तीन तासिका घ्या. पण चतुर्थीच्या आत संपवा."

गुणांबाबत तिथेच ठरलं की आधी दिलेला गुण कुणाचाही काढायचा नाही. हे मला त्या वेळी न्याय्य वाटलं होतं. त्याबद्दल पुढे येईल.

काय केलं: पहिली तासिका

फळ्यावर सजीवांची लक्षणं लिहिली: पेशी, चयापचय, वाढ, प्रजनन, प्रतिसाद, उत्सर्जन, पिढ्यांमधून होणारा बदल. मग विषाणू बाजूला ठेवून दुसरीच नावं आणली. खेचर, भाताचं बियाणं, वणवा, खडीसाखर आणि कुष्ठरोगाचा जीवाणू. गटागटाने प्रत्येक नावाला प्रत्येक कसोटी लावायची.

खेचराला पिल्लं होत नाहीत, मग ते निर्जीव का? सगळे हसले आणि लगेच गप्प झाले, कारण प्रजननाची कसोटी पहिल्याच फटक्यात डळमळली होती. खडीसाखर दोऱ्यावर वाढते, मग वाढ म्हणजे जीव नव्हे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, वणवो पण वाढता, पसारता, मगे तो जितो?" वणवा ऑक्सिजन घेतो, इंधन खातो, राख टाकतो, एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातो. फळ्यावरची निम्मी लक्षणं त्याला लागू पडली. मग मुलांनीच शोधलं की वणव्याजवळ कुठलीच माहिती नसते. पुढचा वणवा कसा असेल हे गवत आणि वारा ठरवतात, आधीच्या वणव्याची त्यात काही खूण उतरत नाही. विषाणूजवळ मात्र डीएनए किंवा आरएनए असतो आणि पुढचा विषाणू त्याच्याबरहुकूम बनतो. हा फरक आठवीच्या मुलांनी काढला, याचा मला अजून आनंद वाटतो.

बियाण्यावर चर्चा सगळ्यांत जास्त रंगली. पेरणीपर्यंत कणगीत पडलेलं भात आणि हवेत पडलेला विषाणू यांत काय फरक? दोघेही गप्प, योग्य जागा मिळाली की दोघेही कामाला लागतात. मला इथे थोडं सांगावं लागलं. बियाण्याला स्वतःच्या पेशी आहेत, ते कणगीतही अगदी मंद श्वसन करतं, आणि ओल मिळाली की स्वतःच्या यंत्रणेने तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, उभा करतं. विषाणूजवळ प्रथिनं बनवणारे रायबोझोम नसतात. तो शिरलेल्या पेशीचे रायबोझोम, तिची ऊर्जा, तिचा कच्चा माल वापरतो.

मग कुष्ठरोगाचा जीवाणू. 1873 साली हॅन्सन यांनी तो पाहिला, पण प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर तो आजही वाढवता येत नाही. त्याला जिवंत शरीर लागतं. तरी त्याला कुणी निर्जीव म्हणत नाही, कारण त्याला स्वतःची पेशी आणि स्वतःचे रायबोझोम आहेत. म्हणजे 'दुसऱ्यावर अवलंबून आहे म्हणून निर्जीव' हे माझं आवडतं वाक्यही पडलं. आपणही वनस्पतींवर अवलंबून आहोत.

दुसरी तासिका

दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञांची मतं कशी बदलत गेली ते सांगितलं. 1892 साली रशियात इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून काढला. गाळलेला रसही रोग पसरवत होता. भेंडीवरचा केवडा आमच्या मुलांनी परसात पाहिलेला असल्यामुळे तंबाखूच्या पानावरचे पिवळे-हिरवे डाग त्यांना लगेच डोळ्यांसमोर आले. 1898 साली हॉलंडमध्ये बायरिंक यांनी त्या रसाला 'जिवंत संसर्गजन्य द्रव' म्हटलं. म्हणजे जन्मनाव ठेवतानाच विषाणूला जिवंत म्हटलं गेलं होतं.

1935 साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी त्याच तंबाखूच्या विषाणूचे स्फटिक बनवले. वाळवून बाटलीत ठेवलेले स्फटिक पाण्यात विरघळवून पानावर चोळले की रोग पुन्हा होई. मी खडीसाखरेचा खडा हातात धरून हे सांगितलं. वर्गात एकदम शांतता झाली. जो साखरेसारखा स्फटिक होऊ शकतो, तो जिवंत? स्टॅन्ली यांना 1946 साली नोबेल मिळालं तेही रसायनशास्त्राचं. पण त्यांना ते शुद्ध प्रथिन वाटलं होतं. स्फटिक बनवल्याच्या पुढच्याच वर्षी, 1936 साली, बॉडेन आणि पिरी यांनी त्यात आरएनएही असल्याचं दाखवलं. 1955 मध्ये तर प्रथिन आणि आरएनए वेगवेगळे करून पुन्हा एकत्र आणले आणि रोग पसरवणारा विषाणू तयार झाला. 2002 साली पोलिओचा विषाणू रसायनांपासून सुरुवात करून प्रयोगशाळेत बनवला गेला.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. तयारी करताना मला मिमीव्हायरसची गोष्ट सापडली होती. 1992 साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात तो सापडला. तो इतका मोठा होता की त्याला जीवाणू समजून बाजूला ठेवलं गेलं. तो विषाणू आहे हे 2003 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी जाहीर केलं. त्याचा डीएनए सुमारे 12 लाख जोड्यांचा, कित्येक जीवाणूंपेक्षा लांब. आणि तो साध्या सूक्ष्मदर्शीतही दिसतो. मी मात्र वर्गात 'विषाणू फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीनेच दिसतात' असं शिकवलं होतं आणि त्यावर गेल्या वर्षी गुणही दिले होते. सांगावं की टाळावं? सर म्हणाले, "अपवाद सांगून मुलांचा गोंधळ वाढवू नका." मी सांगितलं. बहुतेक विषाणूंना ते वाक्य लागू आहे, सगळ्यांना नाही, असं वहीत दुरुस्त करून घेतलं. एवढ्या मोठ्या विषाणूलाही स्वतःचा रायबोझोम मात्र नाही, हेही सांगितलं.

आणि याच तासिकेत माझी चूक झाली. शेवटी एका मुलीने विचारलं, "बाई, तुमचं मत काय?" मी मोकळेपणाने सांगितलं. बाहेर पडलेला कण म्हणजे पूर्ण विषाणू असं धरायला नको. पेशीत शिरलेला, तिला कामाला लावणारा विषाणूही पाहिला पाहिजे, आणि तो सगळा व्यवहार पाहिला तर मला तो जीवनाच्या बाजूचा वाटतो. हे माझं मत आजही आहे. पण ते ऐकताच वर्गातल्या वह्यांवर पेनं चालू लागली. ज्यांनी आदल्या दिवशी स्वतःहून 'निर्जीव'ची बाजू मांडली होती, त्यांनीही ते खोडलं.

तिसरी तासिका

तिसऱ्या दिवशी आरोग्यसेविका ताई वर्गात आल्या. आम्हीच विनंती केली होती आणि त्यांनी वरिष्ठांना विचारून दुपारची वेळ काढली. लस नेण्याचा रिकामा कॅरिअर, आइसपॅक आणि बाटलीवरच्या खुणेचं मोठं चित्र त्यांनी आणलं होतं. आत चौकोन, बाहेर वर्तुळ. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, रंग सारखा झाला किंवा गडद झाला की टाकून द्यायची. मुलं पहिल्या बाकापाशी गोळा झाली. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते, सोबतच्या द्रवात मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "म्हणजे भुकटी असताना जिवंत असतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी तयारी करून आले होते. लसीच्या भाषेत 'जिवंत' म्हणजे पेशीत जाऊन स्वतःच्या प्रती काढण्याची क्षमता शाबूत असलेला. 'मेला' म्हणजे ती क्षमता गेली. माकडतापावर पूर्वी दिली जाणारी लस फॉर्मालिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची होती, ती 'मारलेली'. पोलिओचे थेंब क्षीण केलेल्या पण प्रती काढू शकणाऱ्या विषाणूचे, ते 'जिवंत'. आरोग्यसेविकेला हा शब्द अतिशय उपयोगाचा आहे, कारण त्यावर बाटली ठेवायची की टाकायची हे ठरतं. जीवशास्त्राच्या वर्गीकरणात तोच शब्द दुसऱ्या कामाला लागतो. ताई म्हणाल्या, "हे मला त्या दिवशी सांगायला हवं होतं तुम्ही." त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, असं मी वर्गासमोरच सांगितलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. थेंबांतला क्षीण विषाणू लसीकरण कमी असलेल्या वस्तीत माणसामाणसांत फिरत राहिला तर क्वचित बदलून पुन्हा रोग करू लागतो. म्हणून एप्रिल 2016 मध्ये पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसरा प्रकार थेंबांतून काढून टाकला. पिढ्यांमधून बदल हे फळ्यावरचं शेवटचं लक्षण मुलांना आठवलं. साखरेचा खडा असा बदलत नाही.

मग वर्गातूनच आलेल्या एका प्रश्नाने तासिकेची दिशा वळली: सर्दीला डॉक्टर अँटिबायोटिक का नाही देत? प्रतिजैविकं जीवाणूची पेशीभित्तिका तोडतात, त्याचे रायबोझोम अडवतात. विषाणूजवळ यातलं काहीच नाही, म्हणून ती लागू पडत नाहीत. सजीव-निर्जीव या शब्दांपेक्षा 'त्याच्याजवळ काय आहे आणि काय नाही' हे माहीत असणं इथे कामाला येतं. मेडिकलमधून स्वतःहून गोळ्या आणणाऱ्या घरांमधली मुलं समोर बसली होती, म्हणून यावर मी मुद्दाम वेळ घालवला.

शेवटच्या पंधरा मिनिटांत मुलांनी पाच-सहा ओळी लिहिल्या: विषाणूला तुम्ही सजीव म्हणाल की निर्जीव? कोणत्या कसोटीवर? त्या कसोटीला अडचणीत आणणारं एक उदाहरण द्या. तीन भाग, तीन गुण. बाजूला गुण नाही.

निष्पत्ती

उत्तरं मी आणि सरांनी तुकड्या बदलून तपासली. साधारण एकतृतीयांश उत्तरं खरोखर चांगली होती. वणव्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने 'निर्जीव' लिहिलं, कसोटी चयापचयाची घेतली आणि अडचणीत आणणारं उदाहरण म्हणून बियाणं दिलं, तेही मंद श्वसनाचा उल्लेख करून. आरोग्यसेविका ताईंच्या मुलीने 'सजीव' लिहिलं, पण आईची लस कसोटी म्हणून घेतली नाही. तिने पिढ्यांमधल्या बदलाची कसोटी घेतली.

बरीच उत्तरं निराश करणारी होती. 'सीमारेषेवर' हा शब्द अनेकांना आडोशासारखा सापडला. 'विषाणू सीमारेषेवर आहे कारण तो सजीवही आहे आणि निर्जीवही आहे' अशा ओळींना कसोटीचा गुण देता आला नाही. रेघ कुठे आहे हे सांगितल्याशिवाय रेघेवर उभं राहता येत नाही. आणि माझ्या तुकडीत माझं मत जवळजवळ माझ्याच शब्दांत लिहिणाऱ्या मुलांची संख्या मोठी होती.

एक तक्रार राहिली आणि ती मला रास्त वाटते. 'ब'मधल्या एका मुलीने चाचणीतच 'चूक' लिहून शेजारी बारीक अक्षरात 'पेशी नाही' असं कारणही लिहिलं होतं. कारण मागितलंच नव्हतं, म्हणून तिला गुण मिळाला नाही. तिच्या शेजारी 'बरोबर' एवढंच लिहिणाऱ्याचा गुण मात्र आमच्या निर्णयामुळे तसाच राहिला. तिने विचारलं, "मग मी कारण कशाला लिहिलं?" तीन गुणांच्या लेखनात तिला पूर्ण गुण मिळाले, पण चाचणीची गुणतालिका तोवर गेली होती.

पुढचा पाठ दिवाळीपर्यंत ओढला गेला. सरांनी शिष्यवृत्तीच्या वर्गात 'असा प्रश्न आला तर पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर आणा' असं मुलांना सांगितलं आणि मी त्याला विरोध केला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

प्रश्नपत्रिका दोन्ही तुकड्यांची असेल तर उत्तरसूचीही दोघांनी बसून लिहायची. हे इतकं साधं आहे की लिहायला संकोच वाटतो, पण सगळं इथूनच सुरू झालं. बैठकीत आम्ही तिघांनी कारणं लिहिली, ती चाचणीच्या आधी लिहिली असती तर हा प्रश्न 'चूक की बरोबर'मध्ये गेलाच नसता.

माझं मत मी लेखन झाल्यावर सांगेन, आधी नाही. मुलांपासून मत लपवावं असं मला वाटत नाही, शिक्षिकेला मत असतं हे त्यांना दिसलं पाहिजे. पण वेळ चुकली आणि त्या एका वाक्याने पहिल्या तासिकेची निम्मी कमाई गेली.

आरोग्यसेविका ताईंना तिसऱ्या दिवशी न बोलावता पहिल्या दिवशी बोलावेन. लक्षणांची यादी फळ्यावर लिहून सुरुवात केली तर मुलं यादीतच उत्तर शोधतात. बाटलीवरचा काळा पडलेला चौकोन आधी दाखवला असता तर 'मेलं म्हणजे नेमकं काय झालं?' हा प्रश्न त्यांच्याकडूनच आला असता, आणि यादी त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लागली असती.

दिलेला गुण न काढण्याचा निर्णय मात्र अजून मला सुटत नाही. काढला असता तर आमच्या चुकीची शिक्षा मुलांना झाली असती. ठेवला, तर त्या बारीक अक्षरातल्या कारणावर अन्याय झाला. कदाचित ज्यांनी न मागता कारण लिहिलं होतं, त्यांचे पेपर वेगळे काढून पाहता आले असते. त्या पाच दिवसांत हे कुणालाच सुचलं नाही.

सत्र परीक्षेला आम्ही प्रश्न बदलून घातला: 'पेशीबाहेरचा विषाणू आणि पेशीत शिरलेला विषाणू यांत काय फरक असतो? सजीवाच्या एका लक्षणाच्या आधारे लिहा.' गुण तीन. एका मुलाने लिहिलं, 'बाहेर असताना तो कणगीतल्या भातासारखा असतो आणि पेशीत गेला की तरव्यासारखा, फक्त शेत दुसऱ्याचं, बैल दुसऱ्याचे आणि राबणारेही दुसऱ्याचे.' मी तीन गुण दिले. सरांनी दोन दिले, कारण भाताला स्वतःची पेशी असते आणि मुलाने ते लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, 'राबणारेही दुसऱ्याचे' यात ते आलंच. सर म्हणाले, नाही आलं. तो पेपर अजून आमच्या कपाटात आहे आणि त्यावर दोन्ही गुण लिहिलेले आहेत.